आजारी लेकराची गैरहजेरी

जूनमध्ये शाळा उघडतात, पाठोपाठ पाऊस येतो आणि पावसासोबत सर्दी, ताप, जुलाब, गालगुंड, डोळे येणे अशा आजारांची ये-जा सुरू होते. मग शाळेकडून पालकांना सूचना येतात. ताप असलेल्या मुलाला पाठवू नका, अंगावर पुरळ दिसल्यास डॉक्टरांना दाखवा, लसीकरणाचे कार्ड आणा, पाण्याची बाटली ज्याची त्याने वापरावी. आपल्यापैकी पुष्कळजण या सूचना वाचतात आणि विसरतात. काहीजण त्यांना सरकारी कागद समजून बाजूला ठेवतात. आणि काही सज्जन, नमाजी, पापभीरू माणसे जुम्याच्या नमाजनंतर हळूच विचारतात, "मौलाना, आजार देणारा अल्लाह, बरे करणाराही अल्लाह. मग मुलाला चार दिवस घरी कोंडणे हा ईमानाचा दुबळेपणा नाही का?" प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर धर्माच्या मूळ आधारांवरूनच द्यायला हवे.

इस्लामपूर्व अरबांची अशी समजूत होती की आजार स्वतःच्या सामर्थ्याने एका देहातून दुसऱ्या देहात शिरतो. पक्ष्यांचे उडणे, घुबडाचे ओरडणे, सफर महिन्याचे येणे यांतही ते अशीच स्वयंभू शक्ती मानीत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ही समजूत मोडून काढली. एका खेडूत अरबाने शंका काढली की, माझे उंट वाळवंटात हरणांसारखे निरोगी असतात, त्यांच्यात एक खरजेचा उंट येऊन मिसळतो आणि सगळ्यांना खरूज होते, ते कसे? त्यावर प्रेषितांनी (स.) विचारले की, मग पहिल्या उंटाला ती कोणी दिली? हा प्रसंग बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तेवढाच ऐकून काही लोक निष्कर्ष काढतात की संसर्ग नावाची गोष्टच नाही.

परंतु त्याच दोन्ही संग्रहांत, हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याच निवेदनाने, दुसरी आज्ञाही आलेली आहे. आजारी उंटांच्या मालकाने आपले उंट निरोगी उंटांच्या मालकाच्या पाणवठ्यावर आणू नयेत. इमाम बैहकी, इब्न सलाह, इमाम नववी अशा विद्वानांनी या दोन हदीसींचा मेळ स्पष्ट करून दाखविला आहे. आजाराला स्वतःची स्वतंत्र सत्ता आहे, या समजुतीला पहिल्या हदीसने नाकारले. अल्लाहने सृष्टीत कार्य आणि कारण यांची जी व्यवस्था लावून दिली आहे, ती ओळखून वागण्याचा आदेश दुसऱ्या हदीसने दिला. आग जाळते ती अल्लाहच्या आज्ञेने, म्हणून आगीत हात घालणे ही श्रद्धा ठरत नाही.

या दुसऱ्या आज्ञेत एक बारकावा आहे आणि माझ्या मते आजच्या विषयाचे सारे मर्म त्यातच आहे. आज्ञा कोणाला दिली आहे? निरोगी उंटांच्या मालकाला नव्हे. त्याने पळून जावे, आपली जनावरे लपवावीत, असे तेथे म्हटलेले नाही. आज्ञा आजारी उंटांच्या मालकाला आहे. ज्याच्या दारी आजार आला त्याच्यावर जबाबदारी आहे की, तो आजार त्याने दुसऱ्याच्या पाणवठ्यावर नेऊ नये. आपल्या अवर्षणी जिल्ह्यात पाणवठा म्हणजे काय हे कोणाला सांगावे लागत नाही. तेथे गावातील साऱ्यांची गाठ पडते आणि त्याला पर्याय नसतो. मुलांच्या जगात असा पाणवठा म्हणजे शाळा. एक नळ, एक बाक, एकाच ओळीतले जेवण.

आपल्या शेतकऱ्याला हे शहाणपण नवे नाही. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा जनावरांचे बाजार बंद झाले. ज्याच्या गाईच्या अंगावर गाठी दिसल्या त्याने ती गोठ्यात वेगळी बांधली, तिचा चारा वेगळा केला, पाण्याची बादली वेगळी केली. कोणी त्याला तुझे ईमान कच्चे आहे असे म्हटले नाही. गाईच्या बाबतीत जे आपोआप समजते ते लेकराच्या बाबतीत का समजत नाही, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

नशिबाचा आणि सावधगिरीचा हा प्रश्न पहिल्यांदा आपण विचारीत आहोत असेही नाही. दुसरे खलीफा हजरत उमर (रजि.) सीरियाकडे निघाले असता सर्ग नावाच्या ठिकाणी त्यांना कळले की पुढे प्लेग पसरला आहे. त्यांनी मुहाजिरांचा सल्ला घेतला, मतभेद झाला. अन्सारांचा घेतला, तेथेही मतभेद झाला. मग कुरैशच्या वडीलधाऱ्यांना विचारले, त्यांनी एकमताने परत फिरण्यास सांगितले. तेव्हा सेनापती हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी आज आपल्याला विचारली जाते तीच शंका काढली, की हे अल्लाहच्या निर्णयापासून पळणे नव्हे काय? हजरत उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा होता की, आम्ही अल्लाहच्याच एका निर्णयाकडून दुसऱ्या निर्णयाकडे जात आहोत. मग त्यांनी दाखला दिला तोही उंटांचाच. दरीची एक बाजू हिरवी आणि दुसरी उजाड असेल, तर तुम्ही उंट जिकडे चाराल तिकडे ते अल्लाहच्या निर्णयानेच चरतील. तरी शहाणा गुराखी कोणती बाजू निवडेल? नंतर हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले. त्यांनी प्रेषितांकडून (स.) ऐकलेले सांगितले की, ज्या प्रदेशात प्लेग असेल तेथे जाऊ नये आणि आपण असू तेथे तो आला तर पळून बाहेर पडू नये. आपला निर्णय या आदेशाशी जुळला म्हणून हजरत उमर (रजि.) यांनी अल्लाहची स्तुती केली आणि ते माघारी फिरले.

त्याच अमवासच्या प्लेगमध्ये, हिजरी १८ मध्ये, हजरत अबू उबैदा (रजि.) आणि हजरत मुआज बिन जबल (रजि.) यांचे देहावसान झाले. अखेर सूत्रे हजरत अम्र बिन आस (रजि.) यांच्याकडे आली. हा आजार आगीसारखा भडकतो, तेव्हा डोंगरांत पांगून राहा, असे त्यांनी लोकांना सांगितले. पुढे साथ ओसरली. आपण आज ज्याला अंतर ठेवणे म्हणतो ते याहून वेगळे काय आहे?

आणखी एक नोंद विचार करायला लावणारी आहे. सहीह बुखारीचे थोर भाष्यकार हाफिज इब्न हजर अस्कलानी यांनी प्लेगविषयी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांच्या स्वतःच्या मुली प्लेगने गेल्या होत्या. तेव्हा हे कोण्या कोरड्या पंडिताचे लिखाण नाही. हिजरी ८३३ मध्ये कैरोतील लोक तीन दिवस रोजे ठेवून वाळवंटात एकत्र जमले आणि त्यांनी सामुदायिक दुआ केली, असे त्यांनी नोंदविले आहे. त्यापूर्वी रोजचे मृत्यू चाळीसच्या आत होते, त्यानंतर महिना उलटण्याआधी ते हजारावर गेले. दुआ वाईट नव्हती. पण तिच्यासाठी गर्दी करण्याची गरज नव्हती.

आता आपल्या घरात येऊ. सकाळी मूल तापाने फणफणले आहे. आई पॅरासिटामॉलची गोळी किंवा सिरपचा चमचा देते, अर्ध्या तासात अंग गार लागते आणि मूल दप्तर घेऊन निघते. दुपारी औषधाचा असर उतरतो. तोवर ते तीन तास चाळीस मुलांमध्ये बसलेले असते. यात आईचा हेतू वाईट नसतो, हे मी जाणतो. पण बाजारातील त्या धान्यविक्रेत्याची हदीस आठवावी. प्रेषितांनी (स.) त्याच्या धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. वर कोरडे धान्य आणि आत भिजलेले. पावसाने भिजले, असे त्याने सांगितले. तो खोटे बोलत नव्हता. तरीही भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असा त्याला जाब विचारला गेला आणि फसवणूक करणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही, अशी कडक समज देण्यात आली. गोळीने दाबलेला ताप म्हणजे राशीखालची ओल आहे. शिक्षक मुलाच्या कपाळाला हात लावतात तेव्हा त्यांना वरचे कोरडे धान्य लागते.

म्हणूनच औषधाशिवाय पूर्ण एक दिवस ताप आला नाही तरच मुलाला शाळेत पाठवावे, असा साधा नियम डॉक्टर सांगतात. प्रत्येक आजाराचा हिशेब थोडा वेगळा आहे. गोवराचे मूल पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून पुरळ उठल्यानंतर चार दिवसांपर्यंत आजार पसरवू शकते. कांजिण्यांत शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत थांबावे लागते. गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस. जुलाब-उलट्या पूर्ण थांबल्याशिवाय पाठवूच नये आणि शौचानंतर साबणाने हात धुण्याची सवय घरीच लावावी. खरजेत घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध लावले नाही तर ती घरातच फिरत राहते. डोळे आले असतील तर टॉवेल, उशी, सुरमादाणी वेगळी. आपल्या घरांतून एकच सुरम्याची कांडी सगळ्यांच्या डोळ्यांतून फिरते, हे येथे मुद्दाम लिहितो. जुलै २०२३ मध्ये आळंदीतील शालेय मुलांत डोळ्यांची साथ सुरू झाली आणि पाहता पाहता राज्यभर पसरली. सुरमा लावणे सुन्नत आहे. दुसऱ्याच्या डोळ्यातील कांडी आपल्या डोळ्यात घालणे सुन्नत नाही.

घरी ठेवायला पालक का कचरतात? पहिले कारण हजेरी. शंभर टक्के उपस्थितीचे बक्षीस मिळवणारे मूल टाळ्या घेते, आणि आजारी असताना घरी राहून वर्गाला वाचवणारे मूल मात्र यादीतून गळते. दहावी-बारावीला पंचाहत्तर टक्के उपस्थितीची अट असते. आजारपणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र दिल्यास सूट मिळू शकते, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. शाळांनी शंभर टक्के उपस्थितीचे बक्षीस बंद करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मुलाला आजार लपवायला शिकवते.

अल्लाहच्या दरबारातील हजेरी मात्र वेगळ्या रीतीने मांडली जाते. बुखारीत हजरत अबू मूसा (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसचा आशय असा आहे की, माणूस आजारी पडतो किंवा प्रवासात असतो तेव्हा निरोगी असताना, घरी असताना तो जी सत्कर्मे करीत असे, तेवढी त्याच्या नावे लिहिली जातात. म्हणजे तापाने घरी पडलेला, एरवी नियमित येणारा विद्यार्थी त्या वहीत हजर आहे. सहीह मुस्लिममध्ये सकीफ कबिल्याच्या शिष्टमंडळाचा प्रसंग आहे. त्यांच्यात एक कुष्ठरोगी होता. प्रेषितांनी (स.) त्याला निरोप पाठविला की, तुमची प्रतिज्ञा आम्ही स्वीकारली आहे, तुम्ही परत जाऊ शकता. त्याला समोर यावे लागले नाही, हातात हात द्यावा लागला नाही, आणि तरीही त्याचे काही कमी झाले नाही. आजारी माणसाला दूर ठेवणे आणि त्याला परके करणे यांतील फरक या प्रसंगात स्वच्छ दिसतो.

हा फरक विसरला की दुसऱ्या टोकाचा अन्याय होतो. कांजिण्या होऊन गेलेल्या मुलाशेजारी महिनाभर कोणी बसत नाही, खरजेच्या मुलाला नावे ठेवली जातात, क्षयरोगाच्या औषधावर असलेल्या मुलाच्या बहिणीचीही चेष्टा होते. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण आपल्या नगरमध्ये मिस फरार यांच्या संस्थेत घेतले होते. मार्च १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने त्यांचा मृत्यू झाला, तो प्लेग झालेल्या एका मुलाला मुंढव्याहून पाठीवर घेऊन दवाखान्यात नेल्यानंतर. प्लेगच्या प्रदेशातून बाहेर पळू नका, या आदेशाचे एक कारण विद्वानांनी असे सांगितले आहे की, धडधाकट लोक निघून गेले तर आजाऱ्यांना पाणी कोण देणार आणि मेलेल्यांना दफन कोण करणार?

निवासी शाळांच्या बाबतीत हा आदेश फार उपयोगी पडतो. डिसेंबर २०२१ मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वरच्या जवाहर नवोदय विद्यालयात कोरोनाची लागण झाली आणि काही दिवसांतच बाधित विद्यार्थी-कर्मचाऱ्यांची संख्या पन्नासच्या वर गेली. अशा वेळी प्रत्येक पालकाचे मन एकच सांगते की, आत्ताच्या आत्ता जाऊन लेकरू घरी आणावे. जिल्ह्याच्या साऱ्या तालुक्यांतून आलेली मुले त्या दिवशी आपापल्या गावी नेली असती तर एका शाळेची साथ शेकडो घरांची झाली असती. मूल तेथेच ठेवून, तेथेच तपासणी आणि उपचार करून घेणे मनाला जड जाते. मातृहृदयाला तर फारच. परंतु चौदाशे वर्षांपूर्वी दिलेली आज्ञा नेमकी याच जड जाणाऱ्या जागेसाठी आहे. आपली मुले ज्या निवासी मदरशांत शिकतात त्यांनाही ती तितकीच लागू आहे, आणि म्हणून तेथे आजारी मुलासाठी एक स्वतंत्र खोली असलीच पाहिजे.

याच्या उलट बाजूचा धडाही याच जिल्ह्याने दिला. नगर तालुक्यातील हिवरे बाजारने गाव कोरोनामुक्त केल्यावर जून २०२१ मध्ये आपली शाळा सुरू केली, त्या वेळी राज्यात इतरत्र मुले मोबाईलसमोर बसली होती. पुढच्याच महिन्यात शासनाने कोरोनामुक्त गावांत ग्रामपंचायतीच्या संमतीने आठवी ते बारावीचे वर्ग उघडण्यास परवानगी दिली. नियम पाळले तर शाळा बंद पडते असे आपल्याला वाटते. हिवरे बाजारमध्ये नियम पाळले म्हणून ती उघडली.

आता सर्वांत नाजूक प्रश्नाकडे वळू. तो लसीचा. २७ नोव्हेंबर २०१८ रोजी महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला, पूर्वी डोस झालेला असो वा नसो, लस द्यायची होती आणि प्रथम ती शाळांमधून द्यायची होती. त्याच सुमारास मोबाईलवरून संदेश फिरू लागले की या लसीने मुले पुढे निपुत्रिक होतात. अनेक उर्दू शाळांत पालकांनी संमती नाकारली, काहींनी त्या दिवशी मुलांना घरीच ठेवले. आजारी मूल शाळेत आणि निरोगी मूल लसीच्या दिवशी घरी, असा उलटा प्रकार झाला.

त्या अफवेत एक क्रूर विसंगती आहे. रुबेला हा आजार मुलांना सौम्य होतो, चार दिवसांत जातोही. पण गर्भवतीला पहिल्या तीन महिन्यांत तो झाला तर गर्भ दगावू शकतो किंवा बाळ बहिरे, मोतीबिंदू असलेले, हृदयात दोष असलेले जन्माला येऊ शकते. म्हणजे आज शाळेतील मुलीला दिलेली लस उद्याच्या तिच्या बाळाचे रक्षण करते. शरीअतच्या उद्दिष्टांत जीवाच्या रक्षणासोबत वंशाच्या रक्षणाचाही समावेश आहे. वंश वाचवणाऱ्या लसीलाच वंशनाशाची लस ठरविण्यात आले.

ज्यांची शंका अफवेची नसून हलाल-हरामची आहे, त्यांना मी वेगळे उत्तर देतो, कारण त्यांचा प्रश्न वेगळा आहे. काही लसींच्या निर्मितीत प्राणिज जिलेटीन वापरले जाते, हे खरे आहे. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने ऑगस्ट २०१८ मध्ये नेमक्या याच, पुण्यात तयार होणाऱ्या गोवर-रुबेला लसीविषयी फतवा दिला. तिच्या निर्मितीत डुकरापासून मिळविलेल्या पदार्थाचा उपयोग होतो म्हणून मूलतः ती हराम, परंतु निकड आहे, दुसरी हलाल लस उपलब्ध नाही आणि लस न दिल्यास होणारा धोका विश्वासार्ह तज्ज्ञांनी सांगितला आहे, म्हणून सध्या तिचा वापर अनुज्ञेय, असे त्यांनी ठरविले. त्याआधी १९९५ मध्ये कुवेतच्या इस्लामी वैद्यकीय संघटनेच्या चर्चासत्रात विद्वानांनी असे मत मांडले होते की, रासायनिक परिवर्तनाने मूळ पदार्थ पूर्णपणे बदलला तर त्याचा हुकूमही बदलतो. मार्ग दोन आहेत, पण दोन्हींचा शेवट परवानगीतच होतो. इंडोनेशियात फतव्याचा पहिला अर्धा भाग वेगाने पसरला आणि दुसरा अर्धा मागे राहिला. जावाबाहेरच्या अनेक भागांत लसीकरणाचे लक्ष्य गाठता आले नाही. फतवा सांगताना तो अर्धा सांगू नये, ही आम्हा इमामांसाठी त्यातील शिकवण.

चार वर्षांनी, २०२२ च्या अखेरीस, मुंबईत गोवंडी भागात, तसेच भिवंडी आणि मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला. लहान मुले दगावली. त्यांत लस न घेतलेल्यांचे प्रमाण मोठे होते. ही तिन्ही नावे वाचकांना अनोळखी नाहीत. आपल्या नातलगांच्या पत्त्यांवर ती असतात. गोवराचा विषाणू बाधित मूल खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या दहा जणांपैकी नऊ जणांना गाठू शकतो. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळतो. त्याआधीच्या तान्ह्या बाळाला स्वतःचे कवच जवळपास नसतेच. थोरल्या भावाच्या, शेजारच्या मुलाच्या डोसातूनच ते त्याला मिळते. थोरल्याचा डोस चुकविणारा पालक फक्त आपल्या मुलाचा निर्णय घेत नसतो.

तरीही लोक संशय का घेतात, हे न पाहता त्यांना अडाणी म्हणणे मला मान्य नाही. २०२० च्या वसंतात तबलीगी जमातीच्या नावाने देशभर जे वातावरण तयार झाले ते याच जिल्ह्याने सोसले. येथील मशिदींत उतरलेल्या परदेशी पाहुण्यांवर गुन्हे दाखल झाले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एकोणतीस परदेशी नागरिकांवरील ते गुन्हे रद्द केले आणि साथीच्या काळात बळीचा बकरा शोधला जातो, असे मत नोंदविले. ज्या समाजाने ही वेळ पाहिली त्याच्या दारात कोणी नोंदवही घेऊन आले तर तो दचकणारच. शाळेने आणि आरोग्य विभागाने हे समजून घ्यावे. सूचना केवळ मराठीत न पाठविता गरज तेथे उर्दूतही पाठवाव्यात, आणि लसीची तारीख मशिदीच्या सूचनाफलकावरही लावावी. ही मागणी आपण हक्काने करावी. पण रागाचा हिशेब लेकराच्या देहावर चुकता करू नये. त्या न्यायालयीन लढ्याला यश आले ते कायद्याच्या मार्गाने, आणि गोवराला आपली कैफियत ऐकू येत नाही.

पालक कचरतात याचे दुसरे कारण पोटाचे आहे आणि धर्मोपदेशाने ते सुटत नाही. जी आई रोजंदारीवर खुरपणीला जाते तिच्यासाठी शाळा म्हणजे मुलाला सांभाळणारी जागा आणि दुपारचे गरम जेवणही आहे. मूल घरी राहिले तर तिची मजुरी बुडते आणि मुलाची खिचडीही. तिला ताप लपवू नकोस असे सांगणे सोपे आहे. साथीच्या दिवसांत मोहल्ल्यातील दोन वडीलधाऱ्या स्त्रियांनी अशा मुलांकडे लक्ष द्यायचे, त्यांच्या घरी दुपारचा डबा पोहोचवायचा, ही व्यवस्था मशिदीची जमात सहज करू शकते. मात्र तीन घरची आजारी मुले एका घरात गोळा करू नयेत, नाहीतर नवाच पाणवठा तयार होईल. पाथर्डी-शेवगावकडील ऊसतोड कुटुंबांची मुले तर हंगामात गावच सोडतात आणि त्यांचे डोस मागे राहतात. निघताना लसीचे कार्ड कपड्यांच्या पेटीत ठेवावे. ते दाखवून कारखान्याच्या परिसरातील आरोग्य केंद्रात राहिलेला डोस घेता येतो.

शेवटी आपल्या मक्तबांविषयी, कारण शाळेला सांगण्याआधी ते आपल्या हातात आहे. असरनंतर तीस-चाळीस मुले एका चटईवर खेटून बसतात. टोपी विसरलेल्यांसाठी एका टोपलीत सामायिक टोप्या असतात आणि त्याच टोप्यांतून उवा व नायटे फिरतात. वुजूनंतर खुंटीवरच्या एकाच टॉवेलने सारे तोंड पुसतात. माठातील पाण्यात पेला बुडविला जातो. ज्याने कच्चा कांदा-लसूण खाल्ला आहे त्याने मशिदीत येऊ नये, ही आज्ञा बुखारी-मुस्लिममध्ये आहे. वासाने शेजाऱ्याला त्रास होतो म्हणून एवढी काळजी. फकीहांनी त्यावरूनच ज्याच्या आजाराचा इतरांना उपद्रव होईल त्याला जमातीतून सवलत दिली. मग खोकणाऱ्या मुलाला सबक चुकू नये म्हणून मक्तबला बोलावणे कसे योग्य ठरेल?

म्हणून सामायिक टोप्यांची टोपली काढून टाकावी, टॉवेलही काढावा, माठाला तोटी बसवावी आणि वुजूच्या जागी साबण ठेवावा. खिडक्या हिवाळ्यातही उघड्या असाव्यात. आणि उस्ताद ज्या वहीत हजेरी मांडतात तिच्यात हजर आणि गैरहजर यांच्यासोबत बीमार असा तिसरा रकाना आखावा. त्या रकान्यात ज्याचे नाव असेल त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी निरोप पाठवून चौकशी करावी. आजाऱ्याची विचारपूस हा मुसलमानाचा मुसलमानावरील हक्क आहे आणि तो फोनवरूनही अदा होतो. मूल बरे होऊन आले की त्याचा राहिलेला सबक मगरिबपूर्वी दहा मिनिटे अधिक बसवून घ्यावा, त्याबद्दल त्याला उभे करू नये.